रुपयाचा बट्टा

मराठीत ‘बट्टा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि ते दोन्ही एकाच दुकानातून बाहेर पडलेले आहेत. पेशवाईच्या काळी साऱ्या मुलखात एकच नाणे चालत नसे. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशा नाना टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात वावरत, आणि कुळाने ज्या रुपयात धान्य विकले त्याच रुपयात सरकारचा वसूल भरता येईल अशी शाश्वती कोणालाही नसे. अशा वेळी दोहोंच्या मध्ये बसे तो सराफ. तो रुपया दगडावर आपटून त्याचा नाद ऐके, बोटाने कड चाचपून ती कोणी कातरली तर नाही ना हे पाही, अंगठ्याने ठशाची झीज अजमावी, आणि मग फारसे काही न बोलता शेकड्यामागे काही रक्कम कापून घेऊन दुसऱ्या शिक्क्याचे रुपये गिऱ्हाइकापुढे मोजून टाकी. ही जी कापलेली रक्कम तिचे नाव बट्टा. नाणे झिजले म्हणून त्याला बट्टा लागला, यात कोणाची बेअब्रू नव्हती. तो केवळ वजनाचा हिशेब होता. परंतु माणसाच्या वर्तनात खोट दिसू लागली तेव्हाही लोकांना हाच शब्द आठवला, आणि सराफाच्या गादीवरचा हा हिशेबी शब्द कुळाच्या आणि घराण्याच्या नावाला लागू लागला.

१९६६ सालच्या जून महिन्यात भारत सरकारने रुपयाला पहिल्या अर्थाने बट्टा लावला, आणि देशाने तो दुसऱ्या अर्थाने घेतला. अवमूल्यन या विषयावर आजवर जे रण माजले आहे, त्यातील निम्मे तरी या शब्दार्थाच्या घोटाळ्यातून उत्पन्न झालेले आहे, असे मला वाटते. उरलेल्या निम्म्याचा विचार करण्यासाठी मात्र प्रत्यक्ष जमाखर्चात उतरावे लागेल.

त्या वर्षी ५ जूनला रविवार होता. मृग दोन दिवसांवर येऊन ठेपला होता, आणि आदल्या वर्षीच्या अवर्षणाने होरपळलेला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसला होता. दिल्लीत त्या दिवशी मंत्रिमंडळाची बैठक झाली, आणि रात्री अर्थमंत्री सचिंद्र चौधुरी यांनी देशाला असे कळविले की, ज्या रुपयाची किंमत आजवर ०.१८६६२१ ग्रॅम शुद्ध सोन्याइतकी मानली जात होती, ती उद्यापासून ०.११८४८९ ग्रॅम मानली जाईल. सोन्याच्या भाषेतील हे वाक्य सामान्य माणसाला दुर्बोध होते. त्याचा व्यवहारी अर्थ इतकाच की काल ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा अमेरिकन डॉलर उद्यापासून ७ रुपये ५० पैशांना पडेल, आणि १३ रुपये ३३ पैशांचा ब्रिटिश पौंड २१ रुपयांना.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत दोन टक्केवाऱ्या झळकल्या, आणि त्या दोहोंचा मेळ बसविताना पुष्कळ सुशिक्षितांचीही तारांबळ उडाली. सरकार म्हणत होते की रुपया साडेछत्तीस टक्क्यांनी उतरला. विरोधक म्हणत होते की डॉलर साडेसत्तावन्न टक्क्यांनी महागला. दोघेही खरे बोलत होते. १०० रुपयांना पूर्वी २१ डॉलर येत, ते आता १३ डॉलर ३३ सेंट येऊ लागले, ही झाली साडेछत्तीस टक्क्यांची घट. आणि ४७६ रुपयांना येणाऱ्या १०० डॉलरांना आता ७५० रुपये पडू लागले, ही झाली साडेसत्तावन्न टक्क्यांची वाढ. देणारा आणि घेणारा या दोघांनी एकच व्यवहार आपापल्या चोपडीत लिहिला म्हणजे आकडे निराळे दिसतात, एवढेच. पुण्याचा जो विद्यार्थी त्या वेळी अमेरिकेत शिकत होता, त्याच्या वडिलांनी मात्र दुसरा आकडा खरा मानला असेल, यात शंका नाही.

हा हुकूम कोणाचा, याविषयीही एक गैरसमज रूढ आहे तो येथेच दूर करावा. चलनाची किंमत मध्यवर्ती बँक ठरविते असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. परंतु रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याप्रमाणे बँकेने परकीय चलन कोणत्या दराने घ्यावे आणि कोणत्या दराने द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारचा आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या त्या वेळच्या नियमांनुसार एवढा मोठा बदल करण्यापूर्वी निधीची संमतीही घ्यावी लागे. म्हणजे फर्मान दिल्लीचे, संमती वॉशिंग्टनची, आणि सोमवारी सकाळी मुंबईच्या मिंट रोडवर नव्या दराने प्रत्यक्ष व्यवहार सुरू करण्याचे काम रिझर्व्ह बँकेचे. त्या वेळचे गव्हर्नर पी. सी. भट्टाचार्य हे स्वतः या निर्णयाला अनुकूल होते, ही गोष्ट निराळी.

आता ही पाळी का आली ते पाहू. १९५०-५१ साली भारताची निर्यात ६०६ कोटी रुपयांची होती आणि आयात ६०८ कोटींची. तराजूची दोन्ही पारडी जवळजवळ समतोल होती. दहा वर्षांनी, १९६०-६१ साली, निर्यात ६४२ कोटींवर रेंगाळत राहिली आणि आयात मात्र ११२२ कोटींवर गेली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने पोलादाचे कारखाने, यंत्रसामग्री आणि विजेची केंद्रे यांचा जो भव्य संकल्प सोडला होता, त्याची सामग्री परदेशांतून यावयाची होती, आणि तिची किंमत चुकविण्यासाठी आपल्यापाशी होते काय, तर चहा, ताग आणि सुती कापड. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपल्याकडून उधारीवर घेतलेल्या मालापोटी लंडनला साचलेली स्टर्लिंगची मोठी शिल्लक होती. ती बघता बघता सरत आली. १९६५-६६ साली निर्यात ८१० कोटींची आणि आयात १४०९ कोटींची, म्हणजे तूट ५९९ कोटींची झाली. मधल्या काळात १९६२ चे आणि १९६५ चे अशी दोन युद्धे झाली होती, आणि दुसऱ्या युद्धाच्या निमित्ताने अमेरिकेने मदतीचा हात आखडता घेतला होता.

तूट आहे म्हणून तिच्यावर उपाय करणे निराळे, आणि हुंडणावळीचा दर बदलणे निराळे. तो दर इतकी वर्षे ढळला नव्हता की तो जणू निसर्गनियमच असावा अशी लोकांची समजूत झाली होती. १३ रुपये ३३ पैशांना एक पौंड, म्हणजे एका रुपयाला १८ पेन्स. आणि हा १८ पेन्सचा दर १९२७ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने बसविलेला होता. तो बसविला जात असताना मुंबईच्या गिरणीमालकांनी केवढा कल्लोळ केला होता! त्यांना १६ पेन्सचा, म्हणजे स्वस्त रुपयाचा दर हवा होता. चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगावर बसलेले सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी त्यासाठी आपले भिन्नमत नोंदविले होते, आणि महाग रुपया हा लँकेशायरच्या हिताचा डाव आहे असे राष्ट्रीय वृत्तीचे पुढारी सभासभांतून सांगत होते. महायुद्ध गेले, इंग्रज गेले. १९४९ च्या सप्टेंबरात पौंड डॉलरच्या तुलनेत ३०.५ टक्क्यांनी उतरला तेव्हा रुपयाही त्याचे बोट धरून तितकाच उतरला, त्यामुळे पौंडाशी असलेले नाते तसेच राहिले. पाकिस्तानने त्या वेळी आपला रुपया उतरविण्याचे नाकारले आणि त्यांच्या १०० रुपयांना आपले १४४ रुपये पडू लागले, तेव्हा पूर्व बंगालचा ताग आणि कलकत्त्याच्या गिरण्या यांची जी ताटातूट झाली ती दीड वर्ष मिटली नाही. तरीही १८ पेन्स ते १८ पेन्सच राहिले. ५ जून १९६६ च्या रात्री जो दर संपला तो एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा साम्राज्यकालीन दर होता. आणि ज्या महाग रुपयाविरुद्ध एका पिढीने देशभक्तीच्या आवेशात झगडा केला, तोच महाग रुपया उतरला म्हणून तिच्या पुढच्या पिढीने देशाचे नाक कापले गेले असा आक्रोश केला, यातील विनोद त्या वेळी फारच थोड्यांच्या ध्यानात आला.

अवमूल्यनाने व्यापारातील तूट कमी होते ती कशी, हे एका कापडाच्या गाठीवरून पाहता येईल. मुंबईच्या एखाद्या गिरणीत एक गाठ तयार होऊन गोदीवर येईपर्यंत ४७६ रुपये खर्च येतो असे समजू. जुन्या दराने परदेशी गिऱ्हाइकाला ती १०० डॉलरांना पडत होती. नव्या दराने तीच गाठ त्याला सुमारे साडेत्रेसष्ट डॉलरांना पडेल. गिरणीमालकाला मिळावयाचे रुपये तेच, मजुराचा पगार तोच, परंतु गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत माल एका तृतीयांशाहून अधिक स्वस्त झाला. तो अधिक घेईल, ही अपेक्षा रास्त आहे. पण किती अधिक? पूर्वी १०० गाठी विकून १०,००० डॉलर येत होते. आता तेवढेच डॉलर आणण्यासाठी १५७ गाठी विकून वर अर्धी गाठ द्यावी लागेल. म्हणजे १५७ गाठी विकून झाल्या तरी देशाच्या पदरात जादा एक सेंटही पडलेला नसतो, फक्त गोदीवर हमाली वाढलेली असते. खरा लाभ सुरू होतो तो १५८ व्या गाठीपासून. मालकाने सगळी सूट गिऱ्हाइकाला न देता काही भाग स्वतःकडे ठेवला तर हिशेब थोडा बदलतो, पण प्रश्नाचे स्वरूप तेच राहते. आपल्या मालाची बाहेरची मागणी आणि बाहेरच्या मालाची आपली मागणी, या दोहोंनी किमतीच्या फरकाला पुरेसे वाकले पाहिजे. मार्शल आणि लर्नर या अर्थशास्त्रज्ञांच्या नावाने जी अट पाठ्यपुस्तकांत सांगितली जाते, तिचा सारांश हाच आहे.

कापड वाकते, चहा वाकत नाही. इंग्रज गृहिणी चहा स्वस्त झाला म्हणून दिवसाला दुप्पट कप पीत नाही. तागाच्या गोणपाटाचे गिऱ्हाईक गव्हाचे पीक पाहून पोती घेते, पोत्यांचा भाव पाहून गहू पेरीत नाही. हे सरकारलाही ठाऊक होते, म्हणूनच चहा, ताग इत्यादी डझनभर जिनसांवर त्याच दिवशी निर्यात जकात बसविण्यात आली, जेणेकरून एका हाताने दिलेली सूट दुसऱ्या हाताने खजिन्यात जमा व्हावी.

आणि आयात? रुपया स्वस्त झाला म्हणजे परकी माल महाग होतो आणि लोक तो कमी घेतात, हा दुसरा अर्धा सिद्धांत. परंतु जेथे प्रत्येक आयातीला परवाना लागतो, तेथे लोक भाव पाहून आयात करीत नाहीत, परवाना मिळाला म्हणून करतात. निर्यातदारांना उत्तेजन म्हणून आयातीचे हक्क देण्याची जी पद्धत तेव्हा चालू होती, त्यातील हक्कपत्रे मुंबईच्या बाजारात घसघशीत ‘ऑन’ने, म्हणजे वरकड किमतीने, विकली जात, आणि तो ‘ऑन’ डॉलरच्या सरकारी भावात मिळविला म्हणजे डॉलरचा खरा भाव निघे. बाजारातला सराफ रुपयाचा बट्टा कधीच कापून मोकळा झाला होता. सरकारी दफ्तरात तेवढा तो कापावयाचा राहिला होता. अवमूल्यनाबरोबर ही हक्कपत्रे आणि निर्यातीची बहुतेक उत्तेजने रद्द झाली, आणि काही आयात जकातीही खाली आल्या. म्हणजे ज्या इंजिनियरिंग मालाच्या निर्यातदाराला आधीच आडमार्गाने मोठी मदत मिळत होती, त्याला नव्या दराने मिळाले किती आणि जुनी मदत जाऊन गेले किती, याची वजाबाकी केली तर हातात उरलेले अवमूल्यन जाहीर झालेल्या आकड्याहून कितीतरी लहान होते. नाव मोठे आणि लक्षण खोटे अशातली ही गत. नामुष्की साडेछत्तीस टक्क्यांची झाली, उत्तेजन मात्र तेवढे नव्हते. ऑगस्टमध्ये सरकारने काही मालाला रोख साहाय्य पुन्हा सुरू केले, यावरून या वजाबाकीची जाणीव त्यालाही लवकरच झाली असावी.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण या विषयावर महाराष्ट्रातील ज्या विद्वानाने सर्वांत मूलगामी विचार केला त्याचे नाव अशा चर्चेत क्वचितच घेतले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लंडन विद्यापीठासाठी लिहिलेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला, आणि १९२५ च्या अखेरीस त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्षही दिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांदी स्वस्त होत गेली, तिच्याबरोबर रुपयाची हुंडणावळ दोन शिलिंगांवरून खाली येत गेली, आणि त्या काळात निर्यातीला तेजी आली; यावरून उतरती हुंडणावळ म्हणजे देशाला मिळालेले बक्षीस, असे व्यापारी वर्ग म्हणत असे. आंबेडकरांनी विचारले की हे बक्षीस दिले कोणी? परदेशी गिऱ्हाइकाने तर दिले नाही. रुपया उतरला की देशातील वस्तूंचे भाव चढतात, परंतु मजुरी त्या वेगाने चढत नाही. त्या दोहोंमधले अंतर म्हणजे निर्यातदाराचा नफा. तेव्हा हे बक्षीस देशातल्या एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या ताटातून उचललेले आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. गिरणगावातील चाळीत राहिलेल्या माणसाला हे सुचावे यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते हे की स्वस्त रुपयाची मागणी राष्ट्रीय मागणी मानली जात असताना त्यांनी तिच्या पाठीमागे कोणाची थैली आहे हे स्पष्ट दाखविले. १९६६-६७ साली घाऊक भाव वर्षभरात सुमारे १४ टक्क्यांनी चढले. त्यातला दुष्काळाचा वाटा किती आणि अवमूल्यनाचा किती हे वेगळे काढणे कठीण आहे, परंतु ज्याचा पगार चढला नाही त्याला तो भेद करून काय मिळणार होते?

राजकारणाची हकीकत थोडक्यात आटोपतो. जागतिक बँकेने बर्नार्ड बेल यांच्या नेतृत्वाखाली पाठविलेल्या पथकाने १९६५ सालीच अवमूल्यनाची शिफारस केली होती. तेव्हाचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी या कल्पनेच्या कट्टर विरोधात होते. त्यांनी वर्षअखेरीस, इतर कारणांवरून, राजीनामा दिला. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंद येथे लालबहादूर शास्त्रींचे निधन झाले, आणि पंतप्रधानपदाची सूत्रे हाती येऊन पाच महिनेही झाले नव्हते तोच इंदिरा गांधींना हा निर्णय घ्यावा लागला. मार्चअखेर त्या अमेरिकेला जाऊन अध्यक्ष जॉन्सन यांना भेटून आल्या होत्या. नियोजनमंत्री अशोक मेहता वॉशिंग्टनला बोलणी करून आले होते. वर्षाला ९० कोटी डॉलरांची मदत मिळेल असा भरवसा देण्यात आला होता. जॉन्सनसाहेब मात्र गव्हाची जहाजे महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडीत होते, आणि दिल्ली पुढच्या जहाजाची वाट पाहत होती. अशा स्थितीत घेतलेला निर्णय, तो कितीही विवेकाचा असो, लोकांना दबावाचाच वाटणार. वाणिज्यमंत्री मनुभाई शहा यांचा त्याला विरोध होता. काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांना तर विश्वासात घेतले नव्हते, आणि त्यांनी आपला संताप लपविला नाही. अवमूल्यनाची मसलत गुप्तच ठेवावी लागते, कारण तिची कुणकुण लागताच जो तो रुपये टाकून डॉलर पकडू पाहतो. पण ज्या पक्षाला आठ-नऊ महिन्यांत निवडणुकीला उभे राहावयाचे होते त्याच्या अध्यक्षाला तो बट्टा निमूट सोसावा असे सांगणे सोपे नव्हते.

मृग आला आणि गेला, आणि पाऊस दुसऱ्या वर्षीही रुसला. १९६४-६५ साली ८.९ कोटी टन झालेले धान्योत्पादन १९६५-६६ साली ७.२ कोटी टनांवर आले होते; १९६६-६७ साली ते फारसे सावरले नाही. रेशनच्या दुकानापुढे परदेशी धान्यासाठी रांगा लागत होत्या, आणि त्या एका वर्षात एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावे लागले. जो देश भाकरी आणण्यासाठी जहाजे धुंडीत आहे, त्याने माल स्वस्त केला म्हणून विकावयाचे काय? कापूस शेतातून यावा लागतो, ताग शेतातून, भुईमूग शेतातून, चहाच्या मळ्यालाही पाऊस लागतो. गाठीचा भाव शंभरावरून साडेत्रेसष्टावर आणणे अर्थखात्याच्या हाती होते, परंतु १५८ वी गाठ विणण्यास लागणारा कापूस अर्थखात्याच्या हाती नव्हता. मला या साऱ्या प्रकरणातील खरी गोम येथे दिसते. अवमूल्यनाने माल स्वस्त होतो, माल निर्माण होत नाही.

१९६६-६७ साली निर्यात ११५७ कोटी रुपयांची, आयात २०७८ कोटींची आणि तूट ९२१ कोटींची झाली. हे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा टीकाकारांना अधिक पुरावा नको होता: तूट कमी करण्यासाठी रुपया उतरविला, आणि तूट ५९९ वरून ९२१ वर गेली! वस्तुतः येथेही चोपडीचा तोच घोटाळा होता. मोजण्याचा रुपयाच आखूड झाल्यावर त्याने मोजलेली प्रत्येक रक्कम लांब दिसणारच. ढोबळ मानाने डॉलरांत हिशेब केला तर निर्यात सुमारे १७० कोटी डॉलरांवरून १५४ कोटींवर आली, आयात २९६ कोटींवरून २७७ कोटींवर आली, आणि तूट होती जवळजवळ तेथेच राहिली. निर्यात घटली ही नामुष्कीची गोष्ट खरी. पण तूट दीडपट झाली ही गोष्ट खरी नव्हती. जगदीश भगवती आणि टी. एन. श्रीनिवासन या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे या काळाचा सांगोपांग अभ्यास करून दुष्काळाचे पाप अवमूल्यनाच्या माथी मारले गेले असा निर्वाळा दिला, आणि तो मला पटतो. मात्र तो यावयास जवळजवळ दहा वर्षे गेली. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेच्या ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या, अनेक राज्यांतली सत्ता गेली, चौथी पंचवार्षिक योजना तीन वर्षे लांबणीवर पडली, आणि आश्वासन दिलेली मदत त्या प्रमाणात आलीच नाही.

या गदारोळात एका गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेले नाही, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. कुवेत, बहरीन, कतार, दुबई, मस्कत या इराणी आखातातील प्रदेशांत त्या काळी भारताचाच रुपया चालत असे. तेथून कोकणपट्टीवर आणि मुंबईच्या आसपास चोरट्या मार्गाने सोने उतरे, त्याच्या मोबदल्याचे रुपये गलबतांतून आखातात परत जात, आणि तेथील बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेपुढे येऊन त्यांच्याऐवजी स्टर्लिंग मागीत. हे छिद्र बुजविण्यासाठी १९५९ साली रिझर्व्ह बँकेने केवळ आखातासाठी निराळ्या रंगाच्या नोटा काढल्या. मजकूर आपला, नक्षी आपली, रंग तेवढा परका. कुवेतने १९६१ साली आणि बहरीनने १९६५ साली स्वतःचा दिनार काढला होता. उरलेल्यांच्या तिजोऱ्यांत ६ जूनच्या सकाळी आपल्या बँकेच्या नोटा होत्या, आणि दिल्लीतील एका बैठकीने, जिच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, त्यांच्या संपत्तीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग कापला होता. आखातातील मोती आणि खजूर विकणाऱ्या व्यापाऱ्याला चौथी पंचवार्षिक योजना ती काय माहीत! कतार आणि दुबई यांनी तात्पुरता सौदी रियाल घेतला आणि मग आपला रियाल काढला, अबुधाबीने बहरीनचा दिनार जवळ केला. ओमान तेवढा १९७० पर्यंत या रुपयाशी टिकून राहिला. व्यापारतूट भरून काढण्याच्या खटपटीत रुपयाने आपले एक सबंध साम्राज्य असे गमावले, आणि ते होते याचीही येथे फारशा लोकांना वार्ता नव्हती.

पुढच्या वर्षी, १८ नोव्हेंबर १९६७ रोजी, खुद्द ब्रिटनने पौंड २ डॉलर ८० सेंटवरून २ डॉलर ४० सेंटवर आणला. या वेळी रुपया त्याच्यामागे गेला नाही. पौंडच २१ रुपयांवरून १८ रुपयांवर उतरला. त्याचे स्वागत करण्यास मात्र कोणी सभा भरविली नाही. पावसाने साथ दिली, शेती सावरली, निर्यात हळूहळू वाढू लागली, आणि १९७२-७३ साली, कित्येक वर्षांनी प्रथमच, व्यापारात १०४ कोटी रुपयांचे आधिक्य दिसले. त्याचे श्रेय १९६६ च्या निर्णयाला किती द्यावे हा वाद आहे, पण ते देण्यास पुढे येईल असा एकही राजकारणी तोपर्यंत उरला नव्हता. अवमूल्यन हा शब्दच मंत्रालयांतून हद्दपार झाला. पौंडाशी, पुढे अनेक चलनांच्या समुच्चयाशी रुपयाची सांगड घालून तो गाजावाजा न करता थोडा थोडा उतरू दिला जाई, आणि त्याला कोणी अवमूल्यन म्हणत नसे.

तो शब्द परत आला १९९१ च्या जुलैत. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती, सोने गहाण ठेवण्यासाठी परदेशी पाठविण्याची वेळ आली होती, आणि पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव व अर्थमंत्री मनमोहन सिंग यांचे सरकार नुकतेच आलेले होते. या वेळी बट्टा दोन हप्त्यांत कापावयाचा ठरला: १ जुलैला सुमारे ९ टक्के, आणि बाजाराची नाडी पाहून ३ जुलैला सुमारे ११ टक्के. पहिला हप्ता झाला, गलका उठला, आणि १९६६ ची आठवण असलेल्या नरसिंह रावांचे मन कचरले. दुसरा हप्ता थांबवा, असे त्यांनी ३ जुलैच्या सकाळी मनमोहन सिंगांना सांगितले. सिंगांनी मुंबईला रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर सी. रंगराजन यांना दूरध्वनी केला. रंगराजन यांनी उत्तर दिले की दर जाहीर होऊन गेला आहे.